वन नेशन वन सबस्क्रिप्शन: दहा महिने वापरल्यानंतर, बडोद्याहून

हे तिघांनी मिळून लिहिलंय. एक लायब्ररीच्या टेबलाच्या पलीकडे बसणारा, दोघं अलीकडे उभं राहून "सर, हे उघडत नाहीये" म्हणणारे. तिघंही बडोद्यातल्या सरकारी मेडिकल कॉलेजातले. मत आधीच सांगून टाकतो. मेडिकलच्या मास्तरांना वाचायला लागतं त्यातलं बरंच आता हाताशी आलंय. अडतं ते मुख्यतः दोन ठिकाणी: आपल्या कँपसच्या नेटवर्कमध्ये आणि पबमेडच्या (वैद्यकीय लेख शोधायची अमेरिकन सरकारी सूची) एका चौकोनात. त्याबद्दल पुढे सविस्तर.

योजना थोडक्यात: संशोधन-मासिकांचे पैसे केंद्र सरकार प्रकाशकांना एकदम भरतं आणि देशभरातल्या सरकारी संस्थांतले लोक ती वाचतात. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ला मंजुरी दिली. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० मासिकं, ६,३००हून जास्त संस्था. कारभार गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटकडे (विद्यापीठांच्या लायब्ररींना जोडणारं सरकारी केंद्र), म्हणजे आमच्यापासून गाडीने दोन-अडीच तासांवर. पहिल्या टप्प्यात केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्था आहेत. खासगी कॉलेजातल्या मित्रांना यात जागा नाही, त्यामुळे "मला पण पासवर्ड दे ना" ही विनंती दर आठवड्याला येते. देऊ नका, कारण खाली दिलंय. दिल्लीच्या नॅशनल मेडिकल लायब्ररीचं इर्मेड कन्सॉर्शियम २००८पासून आहे, तेव्हा 'वाटून घेतलेली मासिकं' ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. यादीचा आकार नवा आहे.

आपल्या कामाची नावं: एल्सेविअरचं सायन्सडायरेक्ट, स्प्रिंगर नेचर, वायली, लिपिनकॉट, बीएमजेची मासिकं, थीमे, सेज, टेलर अँड फ्रान्सिस, ऑक्सफर्ड, केंब्रिज. बाकी बरीचशी इंजिनिअर आणि भौतिकशास्त्रवाल्यांची. आता यादीत काय नाही ते. न्यू इंग्लंड जर्नल यात नाही, जामा नाही. ही मासिकांची योजना आहे, त्यामुळे पाठ्यपुस्तकं नाहीत, स्कोपस ही लेखांची सूची नाही आणि वॉर्डात खाटेशेजारी उघडायची अपटुडेटसारखी साधनंही नाहीत. सर्जरी-मेडिसिनच्या लोकांची सर्वांत मोठी नाराजी इथंच आहे आणि ती रास्त आहे. राउंडवर कुणी ३२ पानांचा रिव्ह्यू वाचत नाही. त्याला डोस हवा असतो. मासिकांच्या योजनेकडून ती अपेक्षा ठेवली तर दोन महिन्यांत वैतागून सोडून द्याल.

आता कुलूप. कँपसमध्ये ओळख पटते ती आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेटवर तुमच्या लाइनचा जो नंबर दिसतो त्यावरून. कॉलेजने नोडल अधिकाऱ्यामार्फत बाहेर जाणाऱ्या लाइनचे पत्ते नोंदवलेले असतात. त्या पत्त्यावरून गेलात की प्रकाशक आत सोडतो, नावगाव विचारत नाही. पण कॉलेजची इमारत एका लीज लाइनवर असते, हॉस्पिटलची दुसऱ्या कंपनीच्या लाइनवर आणि हॉस्टेलची तिसऱ्याच. नोंदवलेली असते फक्त पहिली. म्हणून ॲनाटॉमीत उघडलेला लेख ओपीडीत बंद दिसतो आणि लोक म्हणतात सबस्क्रिप्शन संपलं. काही संपलेलं नसतं.

तपासायची सोपी जागा: स्प्रिंगरलिंकचं कुठलंही पान उघडा आणि तळाशी जा. तिथं तुमचा आयपी छापलेला असतो आणि शेजारी संस्थेचं नाव. नावाच्या जागी 'नॉट ॲफिलिएटेड' दिसलं तर तुम्ही बाहेरचे. हा आमचा थर्मामीटर. तोच आकडा लिहून लायब्ररीत द्या. कंप्युटरच्या सेटिंगमधून १९२.१६८ने सुरू होणारा पत्ता उतरवून आणू नका. तो घरातल्या घरात चालणारा नंबर आहे, जगात लाखो कंप्युटरांचा तोच असतो, प्रकाशकाला त्याचा उपयोग नाही.

वायफाय बरोबर असूनही नाव येत नसेल तर तीन संशयित. पहिला, फोनने वायफाय सोडून मोबाइल डेटा पकडलाय. जाड भिंतींच्या जुन्या इमारतीत हे रोजचं. दुसरा, आयफोनवरचं प्रायव्हेट रिले किंवा कुठलंतरी फुकट व्हीपीएन, जे तुमचा पत्ता मुद्दाम लपवतं. तिसरा ओळखायला सर्वांत वेळ लागतो: नेटवर्क आयपीव्ही६ देतंय आणि नोंदणी मात्र जुन्या आयपीव्ही४ची आहे. स्प्रिंगरच्या तळाशी चार आकड्यांऐवजी अपूर्णविरामांनी जोडलेली लांबलचक माळ दिसली की समजायचं. हे आयटीवाल्याने राउटरवर सोडवायचं काम आहे, तुमच्या लॅपटॉपवर डोकं खाऊ नका.

वॉर्डातले जुने कंप्युटर ही वेगळीच जमात. विंडोज ७वर क्रोम १०९च्या पुढे जात नाही. काही प्रकाशकांचं 'तुम्ही माणूस आहात का' हे पान त्यावर गोल फिरत राहतं. तिथं आयपीचा दोष नाही. फोनवर वाचा.

घरून वाचायचं असेल तर इन्फेड, म्हणजे इन्फ्लिबनेटची लॉगिनची सोय. लायब्ररीकडून युजरनेम-पासवर्ड घ्यायचा. मग प्रकाशकाच्या पानावर 'ॲक्सेस थ्रू युवर इन्स्टिट्यूशन' दाबायचं, संस्था शोधायची, इन्फेडच्या पानावर लॉगिन करायचं, परत लेखावर यायचं. रावपुऱ्यातल्या घरून हे पहिल्यांदा करायला दहा मिनिटं लागतात, नंतर एक. पहिली दहा मिनिटं जातात संस्थेचं नाव शोधण्यात. आपल्या गावाला दोन स्पेलिंगं आहेत. 'वडोदरा' टाकून सापडलं नाही तर 'बरोडा' टाका. तरीही नाही तर कॉलेज विद्यापीठाच्या नावाखाली आहे का बघा. आणि दर प्रकाशकाकडे यादी वेगळी असते, त्यामुळे सायन्सडायरेक्टवर एका नावाने सापडलेली संस्था वायलीवर दुसऱ्या नावाने असू शकते. एकदा सापडली की प्रत्येकाचा बुकमार्क करून ठेवा.

एल्सेविअरची एक गंमत. संघटनांच्या बऱ्याच मासिकांची स्वतःची वेबसाइट असते, गुगल तुम्हाला तिथंच नेतो आणि तिथं पैसे मागतात. तोच लेख सायन्सडायरेक्टवर असतो. डीओआय (प्रत्येक लेखाचा कायमचा ओळखक्रमांक) किंवा शीर्षक कॉपी करून सायन्सडायरेक्टच्या शोधपेटीत टाका. "आपल्याकडे हे मासिक नाही" म्हणून येणाऱ्या तक्रारींतल्या बऱ्याच इथंच मिटतात.

आता तो पबमेडचा चौकोन. डाव्या बाजूला 'फ्री फुल टेक्स्ट' असा फिल्टर आहे. वर्षानुवर्षं सगळ्यांना सवय: शोधायचं, तो टिक करायचा, जे उरेल ते वाचायचं. सबस्क्रिप्शन नव्हतं तेव्हा ठीक होतं. आता हा टिक म्हणजे ज्या लेखांसाठी सरकारने पैसे मोजलेत नेमके तेच यादीतून गाळणं. पबमेडला तुमच्या कॉलेजने काय घेतलंय हे माहीत नसतं. त्याच्या लेखी 'फ्री' म्हणजे जगाला फुकट. टिक काढा, लेखाच्या पानावर उजवीकडच्या फुल टेक्स्ट चिन्हावरून प्रकाशकाकडे जा आणि तिथं दार उघडतं का बघा. रेसिडेंटांना प्रबंधाची सिनॉप्सिस लिहायला बसवताना ही एक गोष्ट आधी सांगावी. बाकी सगळं नंतर.

शोधण्याबद्दल आणखी थोडं, कारण मासिकं वाढली तशी चुकीच्या शोधाची किंमतही वाढली. आमच्याकडे छोटा उदेपूर-नर्मदा पट्ट्यातून सिकल सेलचे पेशंट येतात, म्हणून उदाहरण तेच. पबमेडमध्ये नुसतं 'सिकल सेल ॲनिमिया प्रेग्नन्सी' टाइप केलं तर यंत्र स्वतःच ते मेश शब्दांत (सूची करणाऱ्यांनी ठरवलेले विषयशब्द) बदलून घेतं, ब्रिटिश-अमेरिकन स्पेलिंगही सांभाळतं. पण कुणीतरी शिकवलेलं असतं की अवतरणचिन्हं घातली की शोध नेमका होतो. घातली की हे आपोआप बदलणं बंद पडतं. मग ब्रिटिश पद्धतीने, मधे जादा 'ए' घालून लिहिलेला ॲनिमिया फक्त तसंच लिहिणारे लेख देतो आणि अमेरिकन लेख गायब. अवतरणं हवीच असतील तर दोन्ही स्पेलिंगं 'ऑर'ने जोडा. उलट, फक्त मेशवर विसंबणारेही फसतात. पबमेडमधल्या सगळ्याच नोंदी मेडलाइनच्या (निवडक मासिकांची मेश लावलेली सूची) नसतात, आणि पबमेड सेंट्रल या मोफत लेखांच्या साठ्यामार्फत आलेल्या बऱ्याच नोंदींना मेश लागतच नाही. भारतीय मासिकांतलं काम असं निसटू शकतं. म्हणून मेश आणि शीर्षक-सारांशातला शब्द, दोन्ही 'ऑर'ने. उत्तरं 'बेस्ट मॅच' क्रमाने येतात, त्यामुळे ताजं हवं असेल तर क्रम 'मोस्ट रीसेंट' करा. शोध पक्का झाला की माय एनसीबीआय या पबमेडवरच्या खात्यात साठवून आठवड्याचा ईमेल लावून टाका. जर्नल क्लबच्या आदल्या रात्रीची पळापळ कमी होते, संपत नाही.

गुगल स्कॉलर वापरणाऱ्यांनी सेटिंगमधल्या 'लायब्ररी लिंक्स'मध्ये संस्था सापडते का पाहावं. सापडली तर शोधाच्या ओळीशेजारीच दुवा येतो.

पीडीएफ आणि संदर्भ साठवायला झोटेरो हे सॉफ्टवेअर बरं. फुकटात क्लाउडवर ३०० एमबीच मिळते आणि रंगीत आकृत्यांचे रेडिओलॉजीचे लेख ती महिन्यात भरतात. म्हणून फाइलींचं सिंकिंग बंद ठेवून नोंदींचंच चालू ठेवा, फाइली पेन ड्राइव्हवर किंवा स्वतःच्या ड्राइव्हमध्ये. मेंडेली या तसल्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये २ जीबी मिळते. पण झोटेरोत मागे घेतलेला लेख आला तर तो लाल पट्टी दाखवून सांगतो, आणि प्रबंधात रिट्रॅक्ट झालेला लेख उद्धृत करून परीक्षकासमोर उभं राहण्यापेक्षा २ जीबी सोडलेली बरी. संदर्भ लिहायची व्हँकुव्हर स्टाइल निवडा; सहा लेखक आणि मग 'एट अल' हे तो स्वतः करतो.

याच झोटेरोने एकदा घोळही होऊ शकतो, आणि पासवर्ड वाटू नका म्हटलं त्याचं कारणही हेच. शे-दोनशे नोंदी निवडून 'फाइंड फुल टेक्स्ट' दाबलं, किंवा कुणी डाउनलोड मॅनेजर लावून अख्खे अंक ओढले, की प्रकाशकाच्या यंत्राला ती चोरी वाटते. करारात पद्धतशीर डाउनलोडला मनाई असते. मग प्रकाशक तो आयपी पत्ताच बंद करतो. आणि सगळा कँपस एकाच बाहेरच्या पत्त्यामागे असल्याने एका रेसिडेंटच्या उत्साहापायी सगळ्या विभागांचं वाचन बंद पडतं. मग लायब्ररीला पत्र येतं, कोणी काय केलं ते शोधून कळवा. वायफायचा लॉग नसेल तर शोधणार कसं? पाच-दहाच्या तुकड्यांनी घ्या, मधे चहा प्या. बाहेरच्या मित्राला दिलेल्या पासवर्डवरून हेच झालं तर उत्तर देणार तुम्ही.

वर्गात आकृती दाखवायला हरकत नाही, पण बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पीडीएफ टाकण्याऐवजी डीओआयची लिंक टाका. पोरं कँपसच्या वायफायवरून उघडतील. शिवाय त्या वाचनाची नोंद कॉलेजच्या खात्यात होते.

ती नोंद महत्त्वाची आहे, आणि मास्तरांना तिची बहुधा कल्पना नसते. प्रकाशक 'काउंटर' या ठरलेल्या पद्धतीने वापराचे अहवाल देतात. त्यात किती लेख उघडले हे तर असतंच, पण एक तक्ता नकारांचाही असतो: कुठल्या मासिकाचं दार किती वेळा ठोठावलं आणि परवाना नसल्यामुळे उघडलं नाही. लायब्ररी समितीत "आमच्या विषयाचं काहीच नाही" असं म्हणण्यापेक्षा हा तक्ता पुढे ठेवला तर बोलणं वेगळं होतं. म्हणून बंद लेख दिसला तरी प्रकाशकाच्या पानापर्यंत जा, गुगलवरूनच मागे फिरू नका.

पदोन्नतीसाठी लेख छापणाऱ्यांचा एक गैरसमज: मासिक या योजनेच्या यादीत आहे म्हणजे ते मोजलं जाईल असं नाही. एनएमसीच्या (राष्ट्रीय वैद्यकीय आयोग) २०२२च्या प्राध्यापकांच्या पात्रता-नियमांत मेडलाइन, पबमेड सेंट्रल, स्कोपस, डीओएजे अशी सूचींची नावं होती. छापण्याआधी सध्या लागू असलेला नियमच बघा. पबमेडमध्ये दिसणं म्हणजे मेडलाइनमध्ये असणं नव्हे. एनएलएम कॅटलॉगमध्ये (अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाची यादी) मासिकाचं नाव टाका, 'करंटली इंडेक्स्ड फॉर मेडलाइन' ही ओळ आहे का पाहा. दोन मिनिटांचं काम.

यादीत नसलेल्यांचं काय? न्यू इंग्लंडचे मूळ संशोधनलेख सहा महिन्यांनी नोंदणी करून फुकट वाचता येतात. ब्राउझरमध्ये अनपेवॉल बसवलं तर कायदेशीर मोफत प्रत कुठं असेल तर हिरवं कुलूप दिसतं. नाहीतर पबमेडवर लेखकाच्या पत्त्यात ईमेल असतो, दोन ओळी लिहा. बरेच जण पाठवतात.

सयाजीरावांनी १९१०मध्ये बोर्डन या ग्रंथपालाला अमेरिकेतून बोलावून खेडोपाडी पुस्तकांच्या पेट्या फिरवल्या, त्या गावात लायब्ररीत जाणं कमीपणाचं वाटू नये. तेव्हा तक्रार घेऊन या, पण नुसतं "उघडत नाही" म्हणून नको. डीओआय, वेळ, स्प्रिंगरच्या तळाचा आयपी आणि पत्त्याची पट्टी दिसेल असा स्क्रीनशॉट एवढं हवं. दुपारी १२ ते २मध्ये या. त्यानंतर लायब्ररीत इंटर्न झोपलेले असतात आणि प्रिंटरला रांग असते.