ऑर्नेट कोलमनचा 'फ्री जॅझ', नवा प्रेस (नव्याने छापलेली तबकडी): आठ महिने वाजवल्यावर

आठव्या महिन्यात डावा चॅनेल, म्हणजे डाव्या स्पीकरचा आवाज, गेला आणि त्याच्याबरोबर खुद्द सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन ऐकू येईनासा झाला. या रेकॉर्डवर असंच होतं. 21 डिसेंबर 1960 ला न्यूयॉर्कमध्ये चार-चार वादकांच्या दोन चौकड्या एकाच वेळी वाजल्या आणि स्टिरिओत त्या सरळ वाटून दिल्या. डावीकडे कोलमन, डॉन चेरी, स्कॉट लाफारो, बिली हिगिन्स. उजवीकडे एरिक डॉल्फी, फ्रेडी हबर्ड, चार्ली हेडन, एड ब्लॅकवेल. पहिले दोन सोलो (एकेका वादकाची मुख्य पाळी) डॉल्फी आणि हबर्डचे, म्हणजे दोन्ही उजवीकडचे. त्यामुळे खोलीत इकडेतिकडे काम करत ऐकणाऱ्याला पहिली दहा मिनिटं काही चुकलंय असं वाटतच नाही. कोलमनची पाळी येते आणि सॅक्स नाही, नुसतीच उजवी चौकडी त्याला साथ देत बसलेली!

बिघाड शोधायचा तो असा. अँप बंद करा, टर्नटेबलकडून येणाऱ्या मागच्या लाल-पांढऱ्या पिना आपसात बदला, पुन्हा चालू करा. शांतता दुसऱ्या स्पीकरकडे गेली तर दोष टर्नटेबलकडे. जागेवरच राहिली तर अँप किंवा स्पीकरमध्ये. इथे दोष हेडशेलमध्ये, म्हणजे सुईचं कार्ट्रिज धरणाऱ्या टोकाच्या भागात, होता. कार्ट्रिजच्या पांढऱ्या आणि निळ्या वायरी डाव्या चॅनेलच्या, लाल आणि हिरव्या उजव्या. पांढऱ्या वायरीची क्लिप सैल झाली होती. क्लिप काढून तिच्यात टूथपिक ठेवा, चिमट्याने हलकेच दाबा, कार्ट्रिजची पिन खोडरबराने पुसा आणि परत बसवा. क्लिप कार्ट्रिजवर असताना सोल्डरिंग मुळीच करू नका, आतली तार जळते. दुकानात याच कामासाठी नवं कार्ट्रिज घ्या म्हणून सांगितलं गेलं. खर्च शेवटी एका टूथपिकचा.

बाकी प्रेसबद्दल सुरुवातीला तक्रारच होती. पहिल्या बाजूच्या शेवटी, कोलमनच्या जवळजवळ साडेनऊ मिनिटांच्या सोलोच्या टोकाला, सॅक्सचा सूर फाटतो. संगीतच असं आहे, असं समजून ते चालवून घेतलं, आणि चूक तिथेच झाली. फ्री जॅझमध्ये वाद्याचा खरखरीत सूर कुठला आणि सुईची खरखर कुठली हे कान लगेच ओळखत नाही. सुईवर चिकटलेला मळ साफ केला (ब्रश मागून पुढे, उलटा कधीच नाही), सुईचं तबकडीवर पडणारं वजन कार्ट्रिजच्या कागदावर दिलेल्या मर्यादेच्या वरच्या टोकाकडे आणलं, आणि फाटणं गेलं. आता त्या जागी कोलमनचा श्वास आणि रीडचा (सॅक्सच्या मुखाशी असलेल्या पातळ पट्टीचा) दाब वेगवेगळा कळतो. वजन कमी ठेवलं की तबकडी सुरक्षित राहते हा समज उलटा आहे: हलकी सुई खाचेत आपटत जाते आणि जोराचे सूर तीच खरवडते.

मधे बाजू उलटावी लागते याचा राग मात्र मावळला. पहिली बाजू साधारण वीस मिनिटांची, आणि तोड कोलमनचा सोलो संपता संपता येते. दुसऱ्या बाजूला चेरीचा पॉकेट ट्रम्पेट बाहेरच्या मोठ्या घेरावर, म्हणजे तबकडीच्या सगळ्यात स्वच्छ भागावर सुरू होतो. सलग 37 मिनिटं हवी असतील तर सीडी घ्या. तिच्यात बहुधा 17 मिनिटांचा 'फर्स्ट टेक' (याच संगीताचं पहिलं ध्वनिमुद्रण)ही मिळतो आणि पैसेही बरेच कमी लागतात. पोस्टेज आणि कस्टम धरून ही तबकडी महागच पडली, ते लपवत नाही.

सोबत आलेलं कागदी पाकीट टाकून द्या. पावसाळ्यात त्याला दमट वास येतो आणि कागदाचे तंतू खाचेत बसतात. पॉलिथिनचं अस्तर असलेलं पाकीट वापरा, तबकडी उभी ठेवा, भिंतीला टेकवू नका.

एकाच ब्लूटूथ स्पीकरवर हे ऐकू नका. दोन्ही बाजू एकत्र होतात आणि आठ माणसांचा एक गोळा होतो. दोन स्पीकर आणि खुर्ची यांचा समभुज त्रिकोण करा, बाजू दोन-सव्वादोन मीटरची.

वायरी नीट बसल्यात की नाही हे तपासायला दुसऱ्या बाजूची शेवटची तीन मिनिटं पुरतात. ड्रम्सचा पहिला सोलो ब्लॅकवेलचा, तो उजवीकडून यायला हवा. त्यानंतर हिगिन्स, डावीकडून. उलट ऐकू आलं तर पिना अदलाबदल करून पुन्हा सुई ठेवा.