दिवाळीला आणलेल्या सजावटीच्या वस्तू चवथीपर्यंत कशा टिकल्या

फोंड्यापासून थोडं आत आमचं जुनं घर आहे. चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, मध्ये राजांगण म्हणजे वरून उघडा चौक, खाली लाल कोबा. गेल्या दिवाळीआधी घराला नवा रंग दिला आणि भिंती एकदम रिकाम्या दिसायला लागल्या. घर नीटनेटकं, सजलेलं दिसावं म्हणून दोन महिन्यांत मी बऱ्याच वस्तू आणल्या: आरसा, टाइल्स, उशा, कॅनव्हास, दिव्यांची पट्टी, भिंतीला लावून ठेवायचं एक अरुंद कन्सोल टेबल. अठरा हजारांच्या आसपास खर्च झाला. आई सगळं बघून एवढंच म्हणाली, "पावस पडूं दी, मागीर पळोवया." म्हणजे पाऊस पडू दे, मग बघू.

आता चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, झाली. म्हणजे दहा महिने, आणि त्यात एक अख्खा पावसाळा. गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. चिरा म्हणजे जांभा दगड, तो सच्छिद्र असतो, ओल शोषून धरतो. सजावटीच्या वस्तूंचे फोटो जिथे काढतात तिथल्या भिंती अशा नसतात, हे घेताना माझ्या लक्षात आलं नव्हतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

सगळ्यात चांगली खरेदी आरशाची. दोन फूट व्यासाचा, पितळी चौकटीचा गोल आरसा चौकीत, म्हणजे राजांगणाभोवतीच्या पडवीत, राजांगणाच्या समोर लावला. जुन्या घरांत आतल्या बाजूला अंधार असतो. या आरशात तुळस आणि वरचं आभाळ दिसतं, आणि दुपारी तीनपर्यंत चौकीत दिवा लावावा लागत नाही. एका वस्तूने खोलीचा चेहरा बदलतो म्हणतात, ते इथे खरं झालं.

पण आषाढात आरशाच्या खालच्या कडेला मोहरीएवढा काळा ठिपका दिसला. पुसून गेला नाही, कारण तो काचेवर नव्हताच, मागच्या चांदीच्या थरात होता. दोन चुका झाल्या होत्या. आरसा भिंतीला अगदी चिकटून लटकवला होता, त्यामुळे मागे हवा खेळत नव्हती. आणि मी काच पुसायचं पाणी सरळ आरशावर फवारत होते. ते ओघळून खालच्या कडेत शिरतं आणि तिथून मागचा थर खातं. आता मागे चारही बाजूंना रबराच्या गुट्ट्या लावून भिंतीपासून अर्धा इंच अंतर ठेवलं आहे, आणि पाणी फडक्यावर घेऊन मग पुसते. ठिपका तेवढाच राहिला आहे.

चौकटीबद्दलही एक गोष्ट. घरातली समई आपण चिंचेने किंवा आंबट सोलांनी घासतो, तशी ही चौकट घासू नका. बाजारातल्या बऱ्याच पितळी वस्तूंवर पारदर्शक लेप असतो. आंबटाने आणि घासण्याने तो ठिकठिकाणी निघतो आणि मग पितळ डागाडागांनी काळं पडतं. कोरडं मऊ फडकं पुरे. बिनलेपाच्या वस्तूंचं उलट आहे. त्या खुशाल चिंचेने घासा, पण नंतर भरपूर पाण्याने धुऊन लगेच कोरड्या करा, नाहीतर चार दिवसांत हिरवा कळंक येतो. कळंगुटला मावशीकडे समुद्राची खारी हवा आहे, तिथे तर हे आठवड्याला करावं लागतं.

आता कॅनव्हास. तीन भागांचं छापील चित्र, सोप्यातल्या पश्चिमेच्या भिंतीवर. दिवाळी ते मे महिना सुंदर दिसलं, आलेला प्रत्येक जण विचारायचा. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सोप्यात शिरलं की कुबट वास यायला लागला. आधी वाटलं पायपुसणीचा असेल. शेवटी आई आणि मी मधला भाग उतरवला, तर मागच्या भिंतीवर चौकटीच्या मापाची करडी-हिरवी बुरशी उठली होती, अगदी काटकोनात. कॅनव्हासच्या पाठीवरही तीच. भिंत व्हिनेगरने पुसून, पंखा लावून सुकवली. कॅनव्हास ठेवण्यासारखा राहिला नाही. पश्चिमेच्या भिंतीवर पावसाचा मारा थेट येतो, तिथे कापड किंवा कागद लावायचाच नाही, हे मी साडेतीन हजार घालवून शिकले.

त्याच पावसाळ्यात बाहेरच्या टाइल्सना काही झालं नाही. प्रवेशाशी सहा टाइल्सवर घराचं नाव आणि कडेने निळी वेल रंगवून घेतली आहे. आपल्याकडे यांना अझुलेजो म्हणतात. हे नाव निळ्या रंगाच्या पोर्तुगीज शब्दावरून आलं असं बऱ्याच जणांना वाटतं, पण ते मूळ अरबी आहे, गुळगुळीत छोट्या दगडाच्या अर्थाचं. पणजीला मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात पोर्तुगीज चित्रकार जॉर्ज कोलासो यांनी रंगवलेल्या १९३५ सालच्या टाइल्स आहेत. ज्यांना घरी असं काही करून घ्यायचं आहे त्यांनी आधी त्या उभं राहून बघाव्यात. भट्टीत भाजलेला चकचकीत लेप पाणी आत घेत नाही, म्हणून रंग तसेच राहतात.

टाइल्स टिकल्या, बसवणं मात्र पहिल्यांदा चुकलं. कारागिराने त्या रंगावरच चिकटवल्या. महिन्याभरात एक टाइल सुटली आणि तिच्या पाठीला आमच्या भिंतीचा रंग पापुद्र्यासारखा चिकटून आला. गोंदाने पकड सोडली नव्हती, रंगाने भिंत सोडली होती. मग दुसऱ्या माणसाकडून रंग खरवडून, खालच्या गिलाव्यावर सिमेंटच्या टाइल अ‍ॅडहेसिव्हने पुन्हा बसवून घेतल्या. पडलेल्या टाइलचा कोपरा तुटला आहे, तो जवळून दिसतो. कारागिराला "रंग खरवडशील ना?" हा प्रश्न आधी विचारा.

उशांची खोळं कुणबी साडीच्या कापडाची शिवली. लाल चौकडी लाल कोब्यावर इतकी शोभते की दुसरा काही रंग लागत नाही. गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी ही साडी पुन्हा लोकांसमोर आणली, त्याचा मला मनापासून आनंद आहे. आजीच्या पिढीने शेतात नेसलेलं कापड आज सोप्यात मानाने बसलं आहे. पहिली धुलाई वेगळी, गार पाण्यात करा, लाल उतरतो. आत कापूस भरला होता, तो पावसात ओल धरून गोळे झाला. आता फायबर भरलं आहे.

कन्सोल टेबल एमडीएफचं, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचं होतं. लादी पुसताना पाय रोज भिजत गेले आणि खालच्या कडा बिस्किटासारख्या फुगल्या. दुकानदाराने हात वर केले. अशा घरात खरं लाकूड घ्या, नाहीतर घेऊच नका.

दिव्यांच्या पट्टीचा चिकटपट्टा ऑगस्टमध्ये सुटला. अ‍ॅल्युमिनियमची पट्टी स्क्रूने बसवून त्यात ती सरकवली, आता घट्ट आहे. उजेडाचा रंग ३००० केल्विनच्या आतलाच, म्हणजे पिवळसर घ्या. पांढऱ्या उजेडात पितळ आणि लाल कोबा दोन्ही फिके पडतात.

इतक्या वस्तू कमी झाल्यावर घर ओकंबोकं वाटेल अशी भीती होती, पण उलट झालं. प्रियोळला मंगेशीच्या आवारात तो सात मजली दीपस्तंभ भोवती मोकळी जागा असल्यामुळेच डोळ्यांत भरतो. आमच्या चौकीत आता एका भिंतीवर फक्त आरसा आहे, आणि चवथीला आलेल्यांपैकी तिघांनी विचारलं की घर वाढवलंत का. गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची माटोळी बांधली तेव्हा तिच्यातली नारळं, सुपारीचे शिपटे, तोरिंगं सगळी आरशात उतरली होती. काका बराच वेळ तिथेच खुर्ची टाकून बसले.

पश्चिमेच्या भिंतीसाठी सावंतवाडीची रंगवलेली लाकडी थाळी मनात आहे, गंजिफा या जुन्या गोल पत्त्यांवरच्या नक्षीची. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की आणेन, मागे गुट्ट्या लावूनच टांगेन. ती चांगली की वाईट, हे मात्र पुढच्या पावसानंतरच लिहीन.