फ्लॅट स्कीमसाठी जनरेटर, बॅटरी की सोलर?

एप्रिल लागला की नागपुरातल्या फ्लॅट स्कीमच्या बैठकांत हा विषय निघतोच. लाईन गेली की लिफ्ट बंद, जिन्यात अंधार, आणि चौथ्या मजल्यावरच्या आजी घरातच अडकलेल्या. मग कोणी जनरेटरचं कोटेशन आणतं, कोणी सोलरचं, कोणी लिथियम बॅटरीचं. तिन्ही शेजारी ठेवून नुसती किंमत पाहिली तर निर्णय चुकतो, कारण ही तीन वेगळ्या दुखण्यांवरची औषधं आहेत.

आधी आपली वीज जाते कशी, ते बघा. वितरणाच्या नियोजनात दोन निर्देशांक वापरतात. सैफी म्हणजे ग्राहकाची वीज वर्षात सरासरी किती वेळा गेली, आणि सैडी म्हणजे एकूण किती वेळ गेली. रोज दोनदा १०-१० मिनिटं जाणं आणि महिन्यातून एकदा सलग १० तास जाणं, दोन्हीचा महिन्याचा हिशेब १० तासच येतो. उपाय मात्र अगदी वेगळे. चौकीदाराकडे एक वही द्या. लाईन कधी गेली, कधी आली, पूर्ण गेली की एकच फेज, एवढंच लिहायचं. एक उन्हाळा आणि पहिला पाऊस त्यात आला की कोटेशनपेक्षा जास्त कळेल.

भारनियमनाच्या वर्षांत हे सोपं होतं. निर्मितीच कमी होती आणि लाईन जाण्याची वेळ ठरलेली असायची. आता कोराडी, खापरखेडा, मौदा ही वीजकेंद्रं इतकी जवळ असूनही त्याचा आपल्याला थेट उपयोग नाही. तिथली वीज आधी उच्च दाबाच्या ग्रिडमध्ये जाते आणि ३३ व ११ केव्हीच्या वाहिन्यांवरून कोपऱ्यावरच्या डीपीपर्यंत, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपर्यंत येते. आपली लाईन जाते ती बहुतेक या शेवटच्या टप्प्यात. मे महिन्याच्या रात्री कूलर-एसीच्या भाराने तापलेली डीपी, वादळात तारांवर पडलेली फांदी, उडालेला फ्यूज.

सोलरबद्दल मोठा गैरसमज आहे, तो आधी काढू. साधं ऑन-ग्रिड सोलर, म्हणजे बॅटरीशिवाय थेट लाईनला जोडलेलं, लाईन गेली की स्वतःही बंद होतं, भर दुपारीसुद्धा. तारेवर काम करणाऱ्या लाईनमनला झटका बसू नये म्हणून ती सोय मुद्दाम केलेली असते. म्हणजे हा बॅकअप नाहीच, हा बिलावरचा उपाय आहे, आणि त्या कामात तो चांगला आहे. १ किलोवॅटला सुमारे १०० चौरस फूट गच्ची लागते आणि वर्षाच्या सरासरीने रोज ४ युनिटच्या आसपास वीज मिळते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान ठेवलं आहे. सामायिक बिल मोठं असेल तर जरूर घ्या, पण आजींची लिफ्ट त्याने चालणार नाही.

जनरेटरची ताकद लांबलचक खंडात आहे. डिझेल आहे तोवर तो चालतो. पण लहान स्कीममध्ये त्याच्यावर नीट भार येत नाही. लिफ्ट अधूनमधून चालते, बाकी वेळ जिन्यातले दिवे. चांगल्या भारावर लिटरमागे ३ युनिटच्या आसपास निघतात. डिझेल ९० रुपये धरलं तर नुसत्या इंधनाचेच युनिटला ३० रुपये. अगदी कमी भारावर युनिट घटतात आणि इंजिनात काजळी साचते. शिवाय आवाज, धूर आणि दर आठवड्याला चालवून बघणारा माणूस हवाच. हा शेवटचा मुद्दा लोक सोडून देतात, आणि ऐनवेळी जनरेटरची बॅटरी उतरलेली निघते.

बॅटरीवर लिफ्ट चालेल का, ही शंका मला सगळीकडे ऐकू येते. हिशेब करू. ७.५ एचपीची मोटर म्हणजे ५.६ किलोवॅट. ती पूर्ण भाराने अर्धा मिनिट चालली तरी एका फेरीला ०.०५ युनिटही लागत नाही. ५ युनिटची बॅटरी दीड-दोन तासांच्या खंडाला पुरून उरते. खरी अडचण सुरुवातीच्या झटक्याची आहे. जुन्या लिफ्टची मोटर सुरू होताना ५-६ पट करंट ओढते, ड्राइव्ह (मोटरला हळूहळू वेग देणारं उपकरण) असलेली नवी लिफ्ट तो आवरते. म्हणून इन्व्हर्टरवाल्याच्या आधी लिफ्टवाल्याला विचारा. पंपाला बॅकअप देऊच नका. गच्चीवरची टाकी भरलेली ठेवणं हाच सर्वांत स्वस्त साठा.

नागपूरचं ऊन मात्र बॅटरीचा शत्रू आहे. लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या वर दर १० अंशांना जवळपास निम्मं होतं. लिथियम जास्त टिकते, पण तापलेल्या खोलीत काही पॅक चार्जिंगच थांबवतात. गच्चीवरच्या मशीनरूममध्ये बॅटरी ठेवू नका. तळमजल्यावर हवेशीर जागा द्या, जिन्याची वाट सोडून.

माझं मत स्पष्ट आहे. चार-पाच मजल्यांची स्कीम आणि तासा-दोन तासांचे खंड असतील तर लिफ्ट व दिव्यांसाठी सामायिक बॅटरी घ्या. खंड सलग सहा-आठ तासांचे असतील, इमारत उंच असेल किंवा घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर असलेला रुग्ण असेल तर जनरेटर टाळू नका. त्या रुग्णाच्या घरी छोटा इन्व्हर्टर तरीही हवा, जनरेटर सुरू होईपर्यंतच्या क्षणांसाठी. काहीही घेतलं तरी लाईन गेल्यावर भार बॅकअपवर वळवणारं पॅनल तिन्ही फेज तपासणारं असू द्या. एकच फेज गेल्यावर अर्ध्या इमारतीत दिवे दिसतात आणि उरलेल्या दोन फेजवर चालणारा पंप जळतो.

आणि यंत्र घेण्याआधी एक काम करा. लाईन परत येताच सगळे कूलर, एसी आणि चार्ज होणारे इन्व्हर्टर एकदम भार टाकतात, आणि दमलेली डीपी पुन्हा उडते. बऱ्याच स्कीमचा मंजूर भार इमारत ताब्यात मिळाली तेव्हाचाच असतो, प्रत्येक घरात दोन एसी आले तरी. वितरण कंपनी डीपीची क्षमता त्या कागदावरच्या भारावरून ठरवते. सगळ्या फ्लॅटधारकांचे भारवाढीचे अर्ज एकत्र द्या, सोबत चौकीदाराच्या वहीची प्रत जोडा आणि डीपीवरचा भार मे महिन्यात रात्री ११ च्या सुमारास मोजण्याची लेखी मागणी करा.