बो थ्रस्टर: दोन मोसम वापरल्यावर, आवाजासकट

आधी मत सांगून टाकतो. एकाच इंजिनाच्या, साडेदहा मीटरच्या पोलादी बोटीला बो थ्रस्टर हवाच, म्हणजे बोटीचं नाक डावी-उजवीकडे ढकलणारा, पुढच्या आडव्या बोगद्यात बसवलेला विजेचा पंखा. आणि घ्यायचाच तर वेग कमी-जास्त करता येणारा घ्या. साधा चालू-बंद प्रकार स्वस्त पडतो, पण त्याच्या आवाजाला बिचकून माणूस बटणाला हात लावायचं टाळतो. मग वारा नाक ढकलायला लागतो, आणि बटण दाबेपर्यंत उशीर झालेला असतो.

आमची बोट नेदरलँड्समध्ये, फ्रिसलँड प्रांतात स्नेकजवळ असते. सपाट मुलूख, वाऱ्याला आडवं काही नाही. बोट १५ मीटरपेक्षा लहान आणि ताशी २० किलोमीटरपेक्षा हळू असेल तर इथे परवाना लागत नाही, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये कालवे हौशी मंडळींनी भरून जातात. पुलाशी, लॉकशी (पाण्याची पातळी बदलून बोट वर-खाली करणारा दरवाज्यांचा हौद), धक्क्याशी सगळीकडे रांगा. बोटीवर आम्ही दोघंच: मी सुकाणूवर, बायको पुढे दोर घेऊन.

बोट घेतली तेव्हा तिच्यात जुना १२ व्होल्टचा चालू-बंद थ्रस्टर होता, १५० मिलिमीटरच्या बोगद्यात. बटण दाबलं की एकदम पूर्ण वेग. पुढच्या केबिनमध्ये कोणी झोपलं असेल तर मिक्सरमध्ये खडीसाखर घातल्यासारखा आवाज थेट उशीखालून यायचा. संध्याकाळी उशिरा बंदरात शिरताना शेजारच्या बोटींमधून माना वर व्हायच्या, आणि मला खरोखर संकोच वाटायचा. एकदा त्याचा सोलनॉइड, म्हणजे मोटरचा वीजप्रवाह जोडणारा-तोडणारा विजेवर चालणारा स्विच, चिकटला. बटण सोडलं तरी मोटर फिरतच राहिली, नाक धक्क्याकडे जात राहिलं. थ्रस्टरच्या बॅटरीचा मुख्य स्विच पायऱ्यांखाली हाताशी होता म्हणून निभावलं. तुमचा तो स्विच कुठे आहे ते आजच बघून ठेवा, आणि घरातल्या प्रत्येकाला दाखवून ठेवा.

त्यानंतर त्याच बोगद्यात बसणारा, ब्रशविरहित मोटरचा आणि वेग-नियंत्रणाचा थ्रस्टर घातला. नेदरलँड्सची व्हेटस आणि नॉर्वेची स्लायपनर, दोघांकडेही असे प्रकार मिळतात. फरक पहिल्याच दिवशी कळला. पंख्याचा वेग निम्मा केला की रेटा साधारण पावपट उरतो, पण लागणारी शक्ती आठव्या हिश्शावर येते. आवाजही तसाच झपाट्याने उतरतो. आता बहुतेक वेळा मी वेगाची दांडी एक तृतीयांशच ढकलतो. पुढे फक्त गुणगुण ऐकू येते, बायकोला ओरडून सांगावं लागत नाही. लॉकमध्ये दोघांमधलं बोलणं शांतपणे होणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे जोडीने बोट चालवणाऱ्यांनाच कळेल.

पूर्ण वेगाला मात्र नवासुद्धा ओरडतो. याचं कारण मोटरपेक्षा पाण्यात जास्त आहे. पंख्याच्या पात्यांवर दाब इतका घटतो की पाण्यात बुडबुडे तयार होतात आणि लगेच फुटतात, आणि पोलादी पत्रा तो कडकडाट अख्ख्या बोटभर पोचवतो. म्हणून मोटरच्या कपाटात फोम चिकटवून फार फायदा होत नाही; मी जाड चिकटवला, थोडीशी घरघर कमी झाली, बस. बोगदा पाण्याखाली किती खोल आहे यावर बरंच ठरतं. वरची कड पाण्याच्या रेषेखाली बोगद्याच्या व्यासाएवढी असेल तर उत्तम. फारच वर असेल तर पंखा हवा ओढतो, आवाज वाढतो आणि रेटा पडतो. जुनी बोट बघायला गेलात तर हे बाहेरूनच दिसतं, विक्रेत्याला विचारायचीही गरज नाही.

उपयोगाचं म्हणाल तर सगळ्यात जास्त मागे जाताना. आमच्या इंजिनाचा मागचा पंखा उजवा आहे (पुढे जाताना, मागून पाहिलं तर घड्याळाच्या दिशेने फिरणारा), त्यामुळे रिव्हर्स घातला की मागची बाजू डावीकडे सरकते, आणि मागे जाताना बोट सुकाणूचं फारसं ऐकत नाही. तिथे नाकाला उजवीकडे-डावीकडे थोडे टोले देत गेलं की बोट सरळ रेषेत मागे येते. दुसरी जागा म्हणजे पूल उघडायची वाट बघताना, आडव्या वाऱ्यात. काही पुलांवर अजूनही पूलवाला गळाच्या काठीला लाकडी बूट टांगून पैसे घेतो. त्या बुटात नाणी टाकायला बोट हळू आणि सरळ चालवावी लागते, आणि तिथे या दांडीची खरी किंमत कळते. लेमरच्या लॉकमध्ये गर्दीच्या दिवशी पुढच्या बोटीपासून हातभर अंतरावर उभं राहायचं असतं, तिथेही तसंच.

पण त्याच्याकडून भलती अपेक्षा ठेवू नये. दोन-तीन नॉटच्या (ताशी साधारण चार-साडेपाच किलोमीटरच्या) वर पुढे जात असताना त्याचा परिणाम जवळजवळ जाणवत नाही. तो नाक फिरवतो, अख्खी बोट आडवी सरकवत नाही. आणि वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो: १० नॉटला जो रेटा पुरतो, त्याच्या चौपट २० नॉटला लागतो. आयसलमेअर या मोठ्या सरोवरावरून स्टाव्होरेनच्या बंदरात जोराच्या वाऱ्यात आत येताना मी स्प्रिंग दोरावरच (बोट धक्क्याला पुढे-मागे सरकू न देणारा तिरका दोर) भर देतो, थ्रस्टर जोडीला. "सुकाणू येत नाही त्यांनी थ्रस्टर घ्यावा" असं इथले काही जुने जाणते म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. साठीतली जोडपी आज निर्धास्त बोट चालवतात त्यात या यंत्राचा मोठा वाटा आहे, आणि कुणाच्या तरी हाताची बोटं फेंडर (बोटीच्या बाजूला लटकवलेली रबरी उशी) आणि धक्क्यामध्ये सापडण्यापासून वाचतात.

पूर्ण वेगाला अडीचशे-तीनशे अँपिअर लागतात. बॅटरी पुढे, मोटरजवळच ठेवा आणि केबल जाड घाला. लांब बारीक केबलमध्ये व्होल्टेज पडलं की रेटा जातो. पुढचा दोर कधीही पाण्यात सैल सोडू नका, पंखा तो ओढून घेतो. आणि जवळपास पोरं पोहत असतील तर बटणाला हातसुद्धा लावायचा नाही.

देखभालीत दोनच गोष्टी. गोड्या पाण्यात जस्ताऐवजी मॅग्नेशियमचा ॲनोड (बाकी धातूऐवजी स्वतः झिजणारा तुकडा) लावावा. आणि बोट वर काढली की बोगद्यात हात घालून बघावं: गोड्या पाण्यातले शिंपलेही आत चिकटतात, आणि पात्यांवर थर जमला की आवाज नक्की वाढतो. आमच्या बोगद्याच्या कडा अजून काटकोनात आहेत, पाणी तिथे भोवरा घेतं. या हिवाळ्यात यार्डात त्या साधारण १५ मिलिमीटर त्रिज्येने गोल करून घेणार आहे. व्यासाच्या दहा टक्के गोलाई ठेवतात, त्या हिशेबाने. आवाजात किती फरक पडला ते एप्रिलमध्ये बोट पाण्यात गेली की इथेच लिहीन.