मॅगपायच्या सीझनमध्ये हेल्मेटला केबल टाय: वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

५ पैकी ३ स्टार, आधीच सांगून टाकतो. मॅगपाय पक्षी सायकलवाल्यांच्या डोक्यावर झडप घालतो, त्यापासून वाचायला हेल्मेटवर काट्यांसारखे केबल टाय (वायरी बांधायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या) उभे करतात, त्याचा हा रिव्ह्यू. पण मेलबर्नच्या क्लेटन, टार्नीट, डँडेनाँग वगैरे भागात नवीन आलेली आपली मुलंमुली जी ई-बाईकवर डिलिव्हरी करतायत त्यांनी प्लीज पूर्ण वाचा, कारण सगळ्यात जास्त वेळ रस्त्यावर तेच असतात आणि ह्या पक्ष्याबद्दल त्यांना कोणी धड काही सांगत नाही, एकदम कानाशी फडफड झाली की मगच कळतं.

ऑस्ट्रेलियातला मॅगपाय म्हणजे कावळ्याएवढा काळापांढरा पक्षी. इकडे मेलबर्नला गणपती बसायच्या सुमारास थंडी ओसरायला लागते आणि ह्यांची अंडी-पिल्लं सुरू होतात, साधारण ऑगस्ट ते नोव्हेंबर, सप्टेंबरात सगळ्यात जोर. झडप घालतो तो नर, आणि तेही सगळे नर नाही, दहातला जेमतेम एक. ब्रिस्बेनच्या ग्रिफिथ युनिव्हर्सिटीचे डॅरिल जोन्स ह्यांनी वर्षानुवर्षं ह्यावर काम केलंय, त्यातून कळलेली गोष्ट अशी की एखादा नर फक्त सायकलवाल्यांच्या मागे लागतो, एखादा फक्त चालणाऱ्यांच्या, एखादा फक्त पोस्टमनच्या, आणि माणसांचे चेहरे त्यांच्या नीट लक्षात राहतात. म्हणून रूममेट म्हणाला की मी रोज तिथून चालत जातो मला कधी काही झालं नाही, तर तो खरंच बोलतोय, पण सायकलवर तुमचं तसंच होईल असं धरून चालू नका.

आता केबल टाय. बनिंग्जमध्ये किंवा कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात शंभर टायचं पाकीट अगदी स्वस्तात मिळतं. एकदम बारीक घेऊ नका, ते वाऱ्याने आडवे होतात आणि मग काही अर्थ राहत नाही, २०० मिमी लांब आणि ४.८ मिमी रुंदवाले बरोबर ताठ उभे राहतात. हेल्मेटला भोक वगैरे अजिबात पाडायचं नाही, मुळात जी हवेची भोकं असतात त्यातूनच ओवायचे आणि लॉकचा गठ्ठा बाहेरच्या बाजूला ठेवायचा, आत डोक्याला टेकला तर रोज टोचतो आणि पडलात तर कडक प्लास्टिक कवटीवर दाबलं जाईल ते वेगळंच. सगळ्यात महत्त्वाचं, मागच्या बाजूला आणि कानांच्या वर जास्त लावा. बहुतेक जण डोक्याच्या मधोमध तुरा काढतात, फोटोत छान दिसतो पण पक्षी येतो मागून.

उपयोग होतो का? पक्षी यायचा थांबत नाही, हे स्पष्ट लिहितो कारण दुकानातसुद्धा लोक सांगतात की टाय लावले की तो जवळ फिरकत नाही. फिरकतो. आमच्या इथल्या ओव्हलच्या (खेळाच्या मैदानाच्या) कडेला जो नर आहे तो टाय असोत नसोत, निलगिरीवरून सुटला की सरळ डोक्याकडेच येतो, फरक एवढाच की आधी हेल्मेटवर टकाटक चोच बसायची आणि कानापर्यंत यायची, आता तो वीतभर वरूनच वळतो. ढाल म्हणून टाय चांगले, भीती घालायला म्हणून शून्य. वेगात असताना शिट्टी वाजल्यासारखा आवाज येतो आणि खालच्या फांद्यांत अडकतात, तेवढं चालवून घ्यावं लागतं.

पण टायमुळे डोळे वाचत नाहीत. २०२० मध्ये व्हिक्टोरियातल्या सेल गावात बाहेर बसून खात असलेल्या एका माणसाच्या दोन्ही डोळ्यांना मॅगपायने इजा केली होती, सायकलवर नव्हता तो तरी. त्यामुळे पैसे मोजकेच असतील तर आधी बाजूने पूर्ण झाकणारा गॉगल घ्या, संध्याकाळच्या ऑर्डरसाठी पारदर्शक काचेचा मिळतो तो, आणि मग उरलेल्यात टाय.

आणि ह्या सगळ्यापेक्षा मोठा धोका चोचीचा नाहीच आहे, दचकण्याचा आहे. २०१९ मध्ये वुलनगाँगला ७६ वर्षांचे एक सायकलस्वार मॅगपायला चुकवायला गेले, ट्रॅक सोडून कुंपणाच्या खांबावर आदळले आणि गेले. हे वाचून मला अजून वाईट वाटतं. तुमच्याकडे तर पाठीवर डिलिव्हरीची बॅग, खाली जड ई-बाईक आणि बाजूने गाड्या, एक हात हवेत फिरवायला गेलात तरी तोल जातो. तेव्हा जागा माहीत असेल तर आधीच उतरा, हेल्मेट डोक्यावरच ठेवा आणि सायकल हातात धरून चालत पुढे जा. सायकलवरून उतरल्यावर पुष्कळदा त्याचा इंटरेस्टच जातो. झाडापासून शंभर-दीडशे मीटर गेलात की परत बसा, दोन-तीन मिनिटं उशीर होईल, होऊ दे, कस्टमर थांबेल.

हेल्मेटच्या मागे डोळ्यांचे स्टिकर लावायचा प्रकार पण करून बघितला, आमच्या पक्ष्याला ढिम्म फरक पडला नाही, १ स्टार. मागच्या कॅरियरला लावायचा उंच काठीवरचा संत्री झेंडा मात्र आवडला, ४ स्टार, पक्षी डोक्याऐवजी झेंड्याच्या टोकाशी भांडत बसतो आणि गाडीवाल्यांनापण आपण लांबून दिसतो.

मॅगपाय अलर्ट नावाची फुकट वेबसाइट आहे, २०१३ पासून चालू आहे, जिथे झडप पडली तिथे लोक नकाशावर खूण करतात. ५ स्टार. शिफ्टच्या आधी आपला एरिया बघून घ्या, कारण फोनवरचा नकाशा सायकलसाठी रस्ता काढताना हमखास पार्कमधून, नाल्याकाठच्या ट्रेलवरून नेतो आणि मोठी झाडं तिथेच असतात. फक्त एक, खूण नाही म्हणजे पक्षी नाही असं नसतं, तिथे कोणी अजून नोंद केली नसेल एवढंच.

काठी, दगड, पाण्याची पिचकारी असलं काही करू नका. मॅगपाय इथला संरक्षित पक्षी आहे, इजा केली तर गुन्हा, आणि त्याला तुमचा चेहरा लक्षात राहणार, उद्या परत तिथूनच जायचंय ना. आपल्याकडे माळावर अंड्यांजवळ गेलं की टिटवी कशी डोक्यावर ओरडत घिरट्या घालते, अगदी तसंच आहे हे, बाप पिल्लं राखतोय. टिटवीची सख्खी नातेवाईक पण इकडे आहे बरं का, मास्क्ड लॅपविंग, इथले लोक तिला प्लोव्हर म्हणतात, ती तर सरळ ओव्हलच्या गवतात जमिनीवरच अंडी घालते आणि कोणालाच सोडत नाही. तिच्यासाठी पण हेच टाय, हाच गॉगल.

नोव्हेंबर संपला की टाय कापून टाका, वर्षभर ठेवू नका, इथल्या उन्हात प्लास्टिक कडक होऊन ऐनवेळी तुटतं. ऑगस्टच्या शेवटी नवीन लावा. आणि एका हेल्मेटला पंधरा-वीसच लागतात, त्यामुळे एका पाकिटात अख्ख्या घरातल्या मुलांची हेल्मेटं होतात, वेगवेगळी पाकिटं घेत बसू नका.