'साईजप्रमाणे' मासा आणि बिलातला जीएसटी: तालुक्याच्या हॉटेलात पैसे कुठे जातात

तालुक्याच्या गावातल्या किंवा हायवेवरच्या हॉटेलात फसवणूक म्हटली की लोकांना शिळं अन्न नाहीतर भेसळीचं पनीर आठवतं. तेही होतं. पण खिशाला खरी कात्री लागते ती भाव न विचारता दिलेल्या ऑर्डरीत आणि न वाचता भरलेल्या बिलात. रक्कम शे-दोनशेची असते, पुढचा पल्ला गाठायचा असतो, मुलं पेंगुळलेली असतात. अशा वेळी कुणी भांडत बसत नाही, आणि हे उद्योग करणाऱ्याला ते पक्कं ठाऊक असतं.

मालवण, तारकर्ली, हर्णै, अलिबाग या पट्ट्यात मेनूकार्डावर पापलेट, सुरमईपुढे बऱ्याचदा आकडाच नसतो. 'साईजप्रमाणे' किंवा 'बाजारभावाप्रमाणे' एवढंच असतं. यात मुळात गैर काही नाही, लिलावातला भाव रोज खालीवर होतो. गैर पुढे घडतं. वेटर ताटात चार पापलेटं घेऊन येतो, त्यातल्या एकाला बोट लावून विचारतो, "हे करू?" गिऱ्हाईक मान डोलावतं. भाव ना कुणी विचारला, ना कुणी सांगितला. बिलात काहीही आकडा येऊ शकतो आणि तळलेला मासा परत जात नाही. म्हणून मान हलवण्याआधी "हा केवढ्याला, नगाचा भाव की तुकडीचा?" हे विचारायचं आणि तो आकडा वेटरला ऑर्डरच्या पॅडवर लिहायला लावायचा. तोंडी सांगितलेला भाव गल्ल्यापर्यंत पोचताना बदलतो, कारण ऑर्डर घेणारा वेगळा आणि बिल करणारा वेगळा.

दुसरी गंमत अदलाबदलीची. ताटातलं मोठं पापलेट नुसतं दाखवायचं असतं. कढईत जातं त्याचं धाकटं भावंड. कच्च्या माशांचं ताट समोर आलं की निवडलेल्या माशाशेजारी आपला पंजा ठेवून एक फोटो काढा. मासा तळल्यावर थोडा आक्रसतो, कडा वळतात, पण पंजाएवढ्याचा चार बोटांचा होत नाही. सुरमईत हेच तुकडीच्या जाडीवर चालतं: दाखवताना अंगठ्याएवढी जाड, ताटात पापडाची बहीण. आणि १ जून ते ३१ जुलै राज्यात यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत "सुरमई आजचीच, आपल्याच बंदरावरची" असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर ती बर्फातली किंवा दुसऱ्या किनाऱ्यावरून आलेली असण्याची शक्यताच जास्त. खायला हरकत नाही, ताज्याचा भाव मात्र देऊ नका.

गावठी कोंबडीच्या हंडीत खोच वजनात असते. पाटीवर 'किलोचा भाव' असतो, पण किलो जिवंत कोंबडीचा की साफ केलेल्या मटणाचा, हे लिहिलेलं नसतं. दीड किलोची जिवंत कोंबडी सोलून, आतडी-पिसं काढून साधारण किलोभर उरते. म्हणजे जिवंत वजनाने पैसे घेऊन "दीड किलोची हंडी" वाढली की जवळपास अर्धा किलो हवेत. ऑर्डर देताना "साफ करून किती भरेल?" हा एकच प्रश्न पुरतो. ज्याचा व्यवहार सरळ आहे तो लगेच आकडा सांगतो.

अमर्यादित थाळीत काय काय अमर्यादित नाही ते आधी विचारून घ्या. गोड, पापड, सोलकढी, तळलेला तुकडा हे बहुधा एकदाच असतात आणि "अजून आणू?" हा आग्रह नसून विक्री असते. तसंच न मागता टेबलावर आलेला मसाला पापड आणि काकडी-कांद्याची प्लेट. हात लावलात की ती तुमची. नको असेल तर तिथल्या तिथे परत पाठवा. "रोटी" म्हटल्यावर बटर रोटी येणं तर इतकं सरावाचं झालंय की "साधी" हा शब्द वापरल्याशिवाय ऑर्डर देऊच नये. रोट्या एकेक करत येत राहतात, त्यामुळे बिलात सर्वांत जास्त फुगतो तो रोट्यांचाच आकडा. टेबलावरच्या एकाने त्या मोजाव्यात.

पाण्याच्या बाटलीवरून मात्र लोक चुकीच्या जागी भांडतात. टेबलावर बसून मागवलेल्या बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त घेतले तर तो गुन्हा नाही. १२ डिसेंबर २०१७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की हॉटेलात जागा आणि सेवा मिळून व्यवहार होतो, ती नुसती बाटलीची विक्री नव्हे. पण त्याच हॉटेलच्या काउंटरवरून बाटली विकत घेऊन तुम्ही चालते झालात तर ती साधी विक्री. तिथे छापील किमतीच्या वर एक रुपयाही घेता येत नाही, वर जीएसटी लावता येत नाही, कारण छापील किमतीत सगळे कर धरलेलेच असतात. अशी तक्रार वैधमापन शास्त्र विभागाकडे जाते. टेबलावर सीलबंद बाटली आपणहून आणून ठेवली तर झाकण फिरवायच्या आधी "साधं पाणी द्या" म्हणा.

आता बिल. समजा जेवण १,२४० रुपयांचं झालं. खाली ५ टक्के सेवाशुल्क म्हणून ६२ रुपये आले, मग १,३०२ वर ५ टक्के जीएसटी म्हणजे ६५ रुपये १० पैसे, बेरीज १,३६७ रुपये १० पैसे, आणि "राउंड ऑफ" करून १,३७०. हॉटेल जीएसटीच्या कंपोझिशन योजनेतलं (ती काय, ते लगेच पुढे) असेल तर यातले १,२४० सोडून वरचे १३० रुपये तुम्ही द्यायचेच नव्हते.

दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेलं, दारू न विकणारं हॉटेल कंपोझिशन योजना घेऊ शकतं. त्यात मालक आपल्या उलाढालीवर ५ टक्के कर स्वतःच्या खिशातून भरतो आणि गिऱ्हाईकाकडून वेगळा जीएसटी घ्यायला त्याला मनाई असते. त्याच्या बिलावर 'टॅक्स इन्व्हॉइस' नाही तर 'बिल ऑफ सप्लाय' लिहिलेलं असायला हवं, आणि आपण कंपोझिशनवाले आहोत, कर गोळा करू शकत नाही, असा मजकूर बिलाच्या माथ्यावर हवा. दारावरच्या पाटीवरही तशी नोंद लागते. ज्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत आहे आणि ज्याने नोंदणीच केलेली नाही, त्याला तर जीएसटीचा 'ज'सुद्धा बिलावर लिहिता येत नाही. तरीही लिहितात. सगळेच चोर असतात असं नाही. कित्येकदा बिलिंगचं सॉफ्टवेअर बसवणाऱ्याने ५ टक्क्यांची ओळ चालू करून दिलेली असते आणि मालकाने ती कधी बंद केलेली नसते. पैसे मात्र सरकारकडे न जाता गल्ल्यात राहतात.

तपासायला दोन मिनिटं लागतात. बिलावरचा जीएसटी नंबर १५ अक्षर-अंकांचा असतो. महाराष्ट्रातला असेल तर सुरुवात २७ ने, पुढची दहा अक्षरं पॅनची. नंबरच नसेल तर जीएसटीची ओळ खोडायला सांगा. नंबर असेल तर जीएसटी पोर्टलवर करदाता शोधायची सोय आहे, लॉगिन लागत नाही. तिथे व्यवसायाचं नाव, नोंदणी चालू आहे की रद्द, आणि करदाता नेहमीचा की कंपोझिशनचा, तिन्ही दिसतं. नेहमीचा असेल तर ५ टक्के, म्हणजे अडीच केंद्राचे, अडीच राज्याचे, बरोबर आहेत, देऊन टाका. "एसी हॉल आहे म्हणून १८ टक्के" हे कुणी म्हटलं तर तो नियम नोव्हेंबर २०१७ मध्येच गेला. १८ टक्के आज लागतात ते दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर खोलीभाडं असलेल्या बड्या हॉटेलांतल्या रेस्टॉरंटांना.

परमिट रूममध्ये दारूवर जीएसटी लागतच नाही, तिथे व्हॅट असतो. जेवण आणि दारूची एकत्र बेरीज करून सगळ्यावर ५ टक्के लावले असतील तर दोन वेगळी बिलं मागा. पेगमध्येही माप मारतात: लार्ज म्हणजे ६० मिली, १८० मिलीच्या क्वार्टरमधून असे बरोबर तीन. सीलबंद क्वार्टर टेबलावर फोडून घेतली की हा प्रश्नच मिटतो.

सेवाशुल्काबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची ४ जुलै २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत: ते बिलात आपोआप लावायचं नाही, दुसऱ्या नावानेही घ्यायचं नाही. २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. म्हणून 'स्टाफ फंड', 'मेंटेनन्स' अशी नावं दिसली तरी उत्तर तेच: काढा.

पैसे देताना एक नवा प्रकार वाढलाय. तुम्ही क्यूआर स्कॅन करून पैसे पाठवता, खात्यातून वजा होतात, काउंटरवाला म्हणतो "आवाज आला नाही, परत करा". परत करू नका. ॲपमधल्या व्यवहाराच्या तपशिलात १२ अंकी यूटीआर क्रमांक असतो, तो दाखवा. व्यवहार खरोखर अडकला असेल तर रोख द्या, पण बिलावर "रोख मिळाले" आणि तो यूटीआर लिहून घ्या. दुकानदाराला केलेलं अडकलेलं पेमेंट रिझर्व्ह बँकेच्या नियमाने व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत परत यायला हवं. त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई. छोट्या हॉटेलात क्यूआरवर मालकाचं किंवा त्याच्या घरच्यांचं नाव दिसतं, तेवढ्याने घाबरायचं कारण नाही, पण स्कॅन करण्याआधी "नाव काय दिसेल?" हे गल्ल्यावर विचारा. स्टिकरवर चिकटवलेला दुसरा स्टिकर असाच पकडला जातो. पैसे भलत्याच खात्यात गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन करा.

चूक दाखवल्यावर बहुतेक ठिकाणी निमूटपणे बिल बदलून देतात. नाही दिलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, मराठीतून बोलता येतं. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची, पण १३० रुपयांसाठी तारखा घालण्यापेक्षा हेल्पलाइन बरी. या सगळ्याला पक्कं बिल लागतं. 'एस्टिमेट' लिहिलेल्या कच्च्या चिठ्ठीवर काही सिद्ध करणं जड जातं. पक्क्या बिलावर १४ अंकी अन्न परवाना क्रमांकही असायला हवा, जानेवारी २०२२ पासून तो बंधनकारक आहे. आणि बिलाचा फोटो त्याच दिवशी काढा, वरचं नाव, दोन्ही नंबर आणि तारीख दिसेल असा, कारण यंत्रातून निघालेल्या त्या गुळगुळीत कागदावरची छपाई पाकिटात राहून काही महिन्यांत पुसट होते.