स्पंज की मणी? हाडात भरायचे सच्छिद्र सिरॅमिक दाणे बनवायचेत तर आधी हे बघा

प्रोजेक्टला बोन ग्राफ्टचे ग्रॅन्युल्स (हाडातली रिकामी जागा भरायचे दाणे) घेतलेत आणि पद्धत ठरत नाहीये, अशांसाठी लिहितोय. मी दोन्ही करून बसलोय, भट्टीही दोनदा घाण केलीये, त्यामुळे बाजू घेऊनच बोलणार. पावडर दोन्हीकडे हायड्रॉक्सीअपटाईटच धरा, म्हणजे एचए, हाडात असतं तसलंच कॅल्शियम फॉस्फेट.

स्पंजवाली पद्धत अशी की पीयू (पॉलियुरेथेन) फोमचा तुकडा एचएच्या स्लरीत, म्हणजे पाण्यात कालवलेल्या पावडरीत बुडवायचा, जास्तीची पिळून काढायची, वाळवून भाजायचा, फोम जळून जातो आणि त्याच्या आकाराचा सिरॅमिक सांगाडा उरतो. मण्यांच्या पद्धतीत पावडरमध्ये पीएमएमएचे (अॅक्रिलिक प्लास्टिकचे) बारीक मणी मिसळून वडी दाबायची, मणी जळले की त्यांच्या जागी भोकं. मण्यांऐवजी डांबरगोळ्यांतलं नॅफ्थलीनही चालतं, ते जळायच्या आधीच उडून जातं, फक्त मग अख्खी लॅब आजीच्या ट्रंकेसारखी वासते.

आता सगळे पहिला प्रश्न विचारतात पोरोसिटी (पोकळ्यांचं प्रमाण) किती टक्के. अरे आधी दाणा केवढा हवाय ते सांगा ना! 45 पीपीआयचा फोम म्हणजे एका इंचात 45 भोकं, म्हणजे एक भोक साधारण 0.56 मिमी, भाजल्यावर आकसून 0.45 च्या आसपास. दातांच्या कामाला दाणा लागतो 0.25 ते 1 मिमीचा. मग तो सांगाडा फोडून चाळला की चाळणीवर काय उरणार? भोकं सगळी गेलेली, नुसत्या तीन टोकांच्या काड्या, गोखरूच म्हणा. मी पहिली बॅच मायक्रोस्कोपखाली घातली तेव्हा हेच दिसलं, वर त्या काड्या आतून पोकळ, कारण फोमचा धागा जिथे होता तिथे त्रिकोणी बोगदा राहतो आणि त्याच्या कोपऱ्यातून तडा जातो. दोन बोटांत दाबलं की पीठ. आणि हे पीठ नुसतं वाया जात नाही, ते शरीरात गेलं तर पेशी त्या बारीक कणांच्या मागे लागतात आणि सूज येते, म्हणून धुणं लई महत्त्वाचं.

पण दाणा 2 ते 4 मिमीचा, ऑर्थोपेडिकवाला असेल तर मी डोळे झाकून स्पंज घेईन. एका दाण्यात चारपाच पोकळ्या सहज बसतात आणि सगळ्या एकमेकींत उघडतात.

मण्यांचं दुखणं नेमकं इथेच आहे. खोल्या भरपूर, दारं नाहीत. मणी आकारमानाने निम्म्याच्या वर गेले तरच ते एकमेकांना टेकतात आणि भोकं जोडली जातात, पण तेवढे घातले की वडी साच्यातून काढतानाच पापुद्रे सुटतात. हाड आत शिरायला दोन पोकळ्यांमधलं दार 100 मायक्रॉनच्या आसपास हवं असं धरतात, तेव्हा 200-300 मायक्रॉनचे मणी घ्या, बारीक नको. मजबुती मात्र स्पंजपेक्षा कितीतरी बरी आणि माप आपल्या हातात.

भाजताना घाई दोन्हीकडे नडते. 600 अंशांपर्यंत मिनिटाला 1 अंश, त्याहून जोरात नेलं की आतला गॅस भिंत फोडूनच बाहेर येतो. मग एचएला 1200-1250. एचएऐवजी बीटा टीसीपी (ट्रायकॅल्शियम फॉस्फेट) करणार असाल तर 1100 च्या खालीच थांबा, 1125 च्या पुढे त्याचं अल्फा, म्हणजे दुसरं स्फटिकरूप होतं. टीसीपी शरीरात विरघळत जातं आणि एचए वर्षानुवर्षं तसंच राहतं, दोन्हीचं मिक्सही करतात, पण तो वेगळा विषय.

तिसरा पर्याय कोणीतरी विचारेलच, समुद्रफेन. आपल्या माकुलाच्या पाठीतलं ते पांढरं हाड, कोकण किनाऱ्यावर वाहून आलेलं सापडतं. ते कॅल्शियम कार्बोनेट असतं, फॉस्फेटच्या पाण्यात 200 अंशांना बंद भांड्यात ठेवलं की रचना तशीच राहून एचए होतं. पोस्टरला झकास दिसतं, पण प्रत्येक माकूल वेगळं, बॅच जुळवता जुळवता वर्ष जाईल.

एक टीप दोन्हींसाठी. पूर्ण भाजून मग फोडू नका, धारदार कोपरे येतात. 900 ला अर्धवट भाजा, तेव्हा ते खडूसारखं असतं, तेव्हाच फोडा, बरणीत घालून गोल गोल फिरवा, चाळा, मग शेवटचं भाजा. आकसल्यावर दाणा लहान होणार म्हणून चाळणी एक पायरी मोठ्या भोकांची घ्या. दारं उघडी आहेत का बघायला एक तुकडा लाल शाईच्या पाण्यात बुडवा, सुकल्यावर मधोमध तोडा. आत पांढरे ठिपके राहिले तर ती पोकळी बंद आहे, आणि अशी बॅच गाईडला दाखवायच्या आधी मी तरी फेकून देतो.